नकाशा कोणत्या भूमीचा?

खेळातल्या विमानासाठी खरोखरीचा नकाशा कागदावर छापून घ्यावा, ही गोष्ट प्रथम कानी आली तेव्हा आम्हांस हसू आले, हे कबूल केले पाहिजे. बाहुलीच्या लग्नाला खरा भटजी बोलावण्यासारखा हा प्रकार, असे आम्ही बोलूनही गेलो. ज्या तरुण आप्ताच्या टेबलावर तो नकाशा पसरलेला होता त्याने वाद घातला नाही. त्याने आमच्या हाती पेन्सिल, पट्टी व कोनमापक दिला आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील टँगमियर ह्या विमानतळापासून नॉर्मंडीतील सँत-क्र्वा-स्युर-मेर ह्या धावपट्टीपर्यंतची दिशा काढून दाखवा, एवढेच म्हटले. पाऊण तास गेला. दिशा निघाली, ती चुकीची निघाली. ती का चुकली हे पुढे येईलच. परंतु तेवढ्या वेळात हसू मावळले आणि त्याच्या जागी आमच्या पेशाची जुनी खोड जागी झाली. समोर ठेवलेला कागद कोणी केला, कशासाठी केला, आणि त्यावर विश्वास किती ठेवावा?

ज्या वाचकांस ह्या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजीत ज्यास 'फ्लाइट सिम्युलेटर' म्हणतात तो संगणकावरील खेळ म्हणजे नुसती नेमबाजी नव्हे. 'इल-2 स्टुर्मोविक' हा ह्या जातीचा प्रसिद्ध खेळ 2001 साली निघाला. 'डीसीएस वर्ल्ड' ह्या खेळात 1944 च्या नॉर्मंडीची भूमी 2017 पासून आहे. 'इल-2'च्या नव्या मालिकेनेही 2022 साली नॉर्मंडीची मोहीम पुरी केली. ह्यांत स्पिटफायर विमानाचे इंजिन तापते, वारा विमानास बाजूला ढकलतो, इंधन संपते आणि ढगांत शिरल्यावर खाली काय आहे ते दिसत नाही. सोय चालू ठेवली तर एक कळ दाबताच पडद्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर आपले विमान कोठे आहे हे आयते दिसते. ह्या आयत्या ज्ञानाचा ज्यांना कंटाळा आला ते ती सोय बंद करतात. मग उरते होकायंत्र, घड्याळ, वेगमापक, आणि मांडीवर घडी घालून ठेवलेला कागद. 1944 सालच्या एकट्या लढाऊ वैमानिकाजवळ ह्याहून फारसे काही नसे. लोहमार्ग दिसला की त्याच्या कडेने विमान हाकीत घरी यावे, ह्या युक्तीला ब्रिटिश हवाई दलात त्या काळच्या प्रसिद्ध रेल्वे वेळापत्रकाच्या नावावरून 'ब्रॅडशॉइंग' म्हणत. आगगाडीच्या वेळापत्रकाने विमान चालविणारी ती पिढी होती.

तेव्हा छंद पोरकट नाही. तथापि छंद चांगला असला म्हणून त्याचे प्रत्येक फळ चांगले असते असे नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती फळे हाच आहे. आमच्यासमोर ह्याच टापूचे, म्हणजे खाडीच्या दोन्ही किनाऱ्यांचे, हौशी मंडळींनी तयार केलेले तीन नकाशे आहेत. कर्त्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी ते विकले नाहीत, मित्रांस वाटले.

एका जुन्या कलमाची येथे आठवण होते. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचे 83 वे कलम असे सांगत असे की, सरकारच्या अधिकाराने झालेला म्हणून जो नकाशा पुढे येतो तो बिनचूक आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. परंतु एखाद्या विशिष्ट दाव्याच्या कामासाठी म्हणून जो नकाशा केला गेला असेल त्याचा बिनचूकपणा सिद्ध करावा लागेल. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तो जुना कायदा गेला, पण हा दंडक राहिला. त्यामागचे व्यवहारज्ञान अगदी साधे आहे. ज्याला जिंकायचे आहे त्याची पेन्सिल त्याच्या बाजूस झुकते. जमिनीच्या तंट्यात दोन्ही पक्षांच्या नकाशांतील एकच बांध दोन जागी असतो, हे आमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. खेळासाठी केलेला नकाशा हाही विशिष्ट कामासाठी केलेला नकाशा होय. त्याच्या बाजूने गृहीत धरावे असे काही नाही. त्याने आपले काय ते सिद्ध केले पाहिजे. आणि त्याची अडचण अशी की त्याच्यापुढे भूमी दोन आहेत. एक 1944 सालची नॉर्मंडी, जीवर माणसे राहत होती. दुसरी खेळातली नॉर्मंडी, जी कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी रचली. ह्या दोहोंत जेथे अंतर पडते तेथे नकाशाने कोणाची साक्ष द्यावी?

पहिला नकाशा पाहू. ह्याच्या कर्त्याने युद्धकालीन हवाई नकाशाची एक प्रत घेतली, स्वच्छ केली आणि जशीच्या तशी छापली. अशा प्रती आता दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे ग्रंथालय ह्यांनी युद्धकालीन नकाशांचे मोठे संग्रह सर्वांस पाहण्यास खुले केले आहेत. स्वामित्वाचा प्रश्नही येथे फारसा छळत नाही. ब्रिटिश सरकारी प्रकाशनावरील राजसत्तेचे स्वामित्व पन्नास वर्षांनी संपते, आणि अमेरिकन संघसरकारच्या कामावर त्या देशात मुळी स्वामित्व नसतेच. म्हणजे कर्त्याने कोणाचे काही लुबाडले नाही.

ह्या नकाशाचे दर्शन सुखद आहे, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. काळे ठसठशीत लोहमार्ग, निळ्या नद्या, हिरवी वने, रस्ते निवडून मोजके, उंची फुटांत. वरून धावत जाणाऱ्या डोळ्याला एका दृष्टिक्षेपात जे लागते तेवढेच ठेवलेले. परंतु 'मूळ' म्हणून त्याची आरती ओवाळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे की युद्धकालीन नकाशा हा स्वतःच एका पक्षाचा कागद आहे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे ह्या खात्याने त्या युद्धात सुमारे 34 कोटी 20 लाख नकाशे छापून दिले असे ते खाते सांगते, आणि त्यांतील 12 कोटी एकट्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी होते. त्या खात्याची साउथॅम्प्टनची कचेरी 1940 सालीच बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली होती. शत्रूच्या ताब्यातील भूमीत साखळी घेऊन मोजणीस कोण जाणार? सेनापतिमंडळाच्या भूगोलशाखेने फ्रान्सचे 1:50,000 प्रमाणाचे जे नकाशे काढले त्यांचा पाया एकोणिसाव्या शतकातील फ्रेंचांचे 1:80,000 चे नकाशे हाच होता. ते मोठे करून, हवाई छायाचित्रांवरून जमेल तेवढे सुधारून घेतले. म्हणजे ज्यास आपण मूळ म्हणतो ती सुधारलेल्या प्रतीची प्रत होय. मात्र त्या लष्करी कागदाचा एक मोठा गुण असा की तो हे लपवीत नाही. त्याच्या समासात कोणत्या नकाशावरून उतरविले, कोणत्या साली सुधारले, आणि चुंबकीय उत्तर त्या साली कोठे होती, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आम्हांस विचाराल तर युद्धकालीन नकाशाची खरी शान त्याच्या समासात आहे, रंगांत नाही. आमच्या पहिल्या हौशी कर्त्याने नेमका तो समास कातरून टाकला, का तर कागद लहान पडला.

समास गेला की काळ गेला. वर ज्या सँत-क्र्वाचे नाव आले त्याचेच उदाहरण घेऊ. 6 जून 1944 रोजी दोस्तांचे सैन्य किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर स्थापत्य पथकांनी शेते सपाट करून तात्पुरत्या धावपट्ट्या काढल्या, आणि 10 जूनला सँत-क्र्वाच्या पट्टीवर कॅनेडियन स्पिटफायर उतरूही लागली. ब्रिटिश पट्ट्यांना 'बी' आणि अमेरिकन पट्ट्यांना 'ए' हे अक्षर व क्रमांक असे : सँत-क्र्वा ती बी-3, बाझानव्हील ती बी-2, सँ-प्येर-द्यु-माँ ती ए-1. मे महिन्यात छापलेल्या नकाशावर ह्यांतली एकही असणे शक्य नाही, कारण त्या दिवशी तेथे गहू उभा होता. जुलैच्या वैमानिकास मात्र त्यांवाचून गती नाही. तेव्हा 'ऐतिहासिक नकाशा' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या आठवड्याचा, हे सांगावे लागते. खऱ्या वैमानिकाने ती पट्टी सूचनेवरून आपल्या हाताने नकाशावर मांडली असती. हौशी कर्त्याने तेवढे पेन्सिलीचे काम खेळाडूसाठी शिल्लक ठेवले असते तर आम्ही त्यास दोष न देता धन्यवाद दिले असते. त्याने छापील नकाशाच्याच शाईत, त्याच टंकात पट्ट्या घातल्या आणि ते कोठेही सांगितले नाही. न्यायालयात ह्यास नुसती सुधारणा म्हणत नाहीत.

दुसऱ्या नकाशाविषयी लिहिताना लेखणी जरा आवरावी लागते. ह्याने युद्धकालीन कागदाकडे पाहिलेच नाही. खेळातील नकाशाचे चित्र पडद्यावरून उचलले, त्यास पिवळट छटा दिली, कडा जळल्यासारख्या केल्या, घड्यांच्या खुणा रंगविल्या, चहाचा गोल डाग काढला, आणि वर तांबड्या अक्षरांत 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का मारला. 1944 चा वैमानिक हा कागद हाती घेई तेव्हा तो कोरा करकरीत असे, ही साधी गोष्ट कर्त्याच्या मनाला शिवली नाही. ऐंशी वर्षांचे जीर्णत्व त्याने पहिल्या दिवशीच्या कागदावर लादले. पुरावा कायद्यात तीस वर्षांच्या जुन्या दस्तऐवजास, तो योग्य ताब्यातून आला असेल तर, काही मान असे. म्हणून कागद चहात बुडवून जुना करण्याची कलाही न्यायालयांस अपरिचित नाही. अर्थात येथे फसवणुकीचा हेतू नाही हे आम्ही जाणतो, आणि खेळात थोडे नाटक चालायचेच. परंतु खोट्या डागाखाली एखाद्या गावाचे नाव गेले असेल तर वैमानिकाने काय करावे?

नक्कल म्हणून आम्ही ह्यास नावे ठेवतो असे मात्र कोणी समजू नये. नकलेचे वावडे आपल्या समाजास कधीच नव्हते. गाभाऱ्यातील मूलमूर्ती जागची हलत नाही, पालखीत उत्सवमूर्ती निघते. आणि रस्त्यात उभा असलेला भाविक तिच्यापुढे तितक्याच भावाने हात जोडतो. कोणी तिला बनावट म्हणत नाही, कारण मूळ कोणते व फिरते कोणते हे सर्वांस ठाऊक असते आणि ते कोणी झाकीत नाही. ग्रंथालयातील जुना कागद आणि मांडीवरची छापील प्रत ह्यांचे नाते असेच असावे. प्रतीने प्रत म्हणून मिरवावे, ताज्या शाईने, आजच्या सालासह. ज्या दिवशी उत्सवमूर्ती गाभाऱ्याचा आव आणील त्या दिवशी महाजनांस बैठक बोलवावी लागेल.

दुसऱ्या नकाशाचा आणखी एक अपराध डागांहून गंभीर आहे, कारण तो जवळजवळ सर्वत्र आढळतो. कोपऱ्यात 1:250,000 असे प्रमाण लिहिले आहे आणि कागद आहे ए-4. आता ह्या प्रमाणात एका सेंटिमीटरास अडीच किलोमीटर येतात. टँगमियर ते सँत-क्र्वा हे अंतर सुमारे 171 किलोमीटर, म्हणजे 106 मैल. ते कागदावर 68 सेंटिमीटर भरेल. एवढा टापू ए-4 वर दिसतो आहे त्या अर्थी लिहिलेले प्रमाण खोटे आहे. अंकांत लिहिलेले प्रमाण चित्र लहानमोठे करताच खोटे होते. रेघेने दाखविलेले प्रमाण चित्राबरोबर लहानमोठे होते, म्हणून ते खरे राहते. ही गोष्ट शाळेतल्या भूगोलात शिकविली जाते आणि छापताना विसरली जाते. आमचाही अनुभव सांगतो. उत्सुकतेपोटी आम्ही एक चांगला नकाशा 1:500,000 प्रमाणात ए-3 कागदावर छापण्यास दिला. छापणाऱ्याने यंत्रावरील 'कागदात बसवा' ही सोय न विचारता चालू ठेवली, आणि पट्टी लावून पाहतो तो शंभरास चार असे सर्व अंतर आखडलेले! त्यातून तो आषाढ महिना. आमच्या कोकणात त्या दिवसांत दारे फुगतात तसा कागदही फुगतो, आणि तोही आडवा-उभा सारखा फुगत नाही. जुने नकाशे संगणकात बसविणारे जाणते लोक म्हणूनच चार कोपऱ्यांवर विसंबत नाहीत. अक्षवृत्ते व रेखावृत्ते जेथे जेथे छेदतात तेथे तेथे टाचणी टोचावी तसे बिंदू धरून सगळा कागद ताणून सरळ करतात. हे काम कष्टाचे आहे, दिसत नाही, आणि त्याची कोणी वाहवा करीत नाही.

आता आमची दिशा का चुकली ते सांगतो. नकाशावर पट्टी ठेवून टँगमियरहून सँत-क्र्वाची दिशा आम्ही 175 अंश काढली, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पूर्वेस. कोन बरोबर होता. परंतु होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही. तिच्या आणि खऱ्या उत्तरेच्या मधल्या कोनास चुंबकीय दिक्पात म्हणतात, आणि तो स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो. 1944 साली त्या भागात तो पश्चिमेस नऊ-दहा अंश होता. म्हणून होकायंत्रावर 185 अंश धरावयास हवे होते. आम्ही 175 धरले. एका अंशाच्या चुकीने साठ मैलांत एक मैल वाट चुकते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. दहा अंश आणि 106 मैल म्हणजे सुमारे 18 मैल. आमचे विमान पूर्वेस काबूरच्या आसपास किनाऱ्यास लागले असते, आणि जून 1944 मध्ये काबूर जर्मनांच्या हाती होते. मौज अशी की आज त्याच भागात दिक्पात जवळजवळ शून्य आहे; 2019 साली ग्रीनिचला सुई अगदी खरी उत्तर दाखवू लागली होती. म्हणजे आजचा नकाशा घेऊन 1944 च्या होकायंत्राने उडणारा, आणि 1944 चा नकाशा घेऊन दिक्पात न धरणाऱ्या खेळात उडणारा, हे दोघेही तितकेच चुकणार, फक्त विरुद्ध दिशांना. ग्वाल्हेरचे पंचांग घेऊन कवळ्यास सूर्योदय साधू पाहावा, आणि चूक देवावर ढकलावी, त्यातलाच प्रकार. तीनही नकाशांपैकी दिक्पाताचा उल्लेख, आणि कोणत्या खेळासाठी तो धरावा वा सोडावा ह्याची सूचना, एकट्या तिसऱ्याने दिली आहे.

तो तिसरा नकाशा दिसावयास सर्वांत साधा आहे. कर्त्याने युद्धकालीन हवाई नकाशा पायास घेतला, तो खेळातील भूमीशी गाव-गाव ताडून पाहिला आणि पुन्हा आपल्या हाताने आखला. संगणकाची शक्ती कितीही वाढली तरी प्रत्येक वाडी, प्रत्येक पाऊलवाट, नॉर्मंडीतील शेताशेतांमधली ती दाट कुंपणे खेळात बसत नाहीत. काही गावे गळतात, काही रस्ते सरळ होतात, कोठे एकाच साच्यातली घरे दहा गावांत दिसतात. पहिल्या नकाशाच्या कर्त्यास ह्याची दाद नव्हती. त्याचा नकाशा घेऊन उडणारा खेळाडू खेळात नसलेले गाव शोधीत इंधन संपविणार. दुसऱ्याने खेळालाच प्रमाण मानले. त्याचा नकाशा कधी चुकणार नाही, पण त्यास नॉर्मंडीचा नकाशा म्हणण्यापेक्षा पडद्याचा आराखडा म्हणावे. तिसऱ्याने जे दोन्हीकडे आहे ते भरीव अक्षरांत छापले, जे भूमीवर होते पण खेळात नाही ते पोकळ अक्षरांत, आणि धावपट्ट्यांपुढे त्या सुरू झाल्याची तारीख. समासात तीन ओळी : कशावरून घेतले, काय घातले, काय गाळले. वर ज्या कलमाचा उल्लेख केला त्यास जे सिद्ध करून हवे आहे ते ह्या तीन ओळींनी बव्हंशी सिद्ध होते.

त्यात दोष नाहीत असे नाही. रंगांची निवड चुकली आहे. विमानात रात्री तांबडा दिवा लावला की तांबडी शाई कागदावरून नाहीशी होते. हवाई नकाशांचा ओढा जांभळ्या-किरमिजी छटांकडे असतो त्याचे एक कारण हेच. कर्त्याने लोहमार्ग तांबडे केले. रात्रीच्या उड्डाणात, खोलीतही मंद तांबडा दिवा ठेवून खेळणाऱ्या शौकिनांच्या दृष्टीने, तो मार्गच पुसला गेला. घडीचाही विचार नीट झालेला नाही, टँगमियर नेमके घडीत सापडते. आणि एक अडचण अशी की जिला त्याचा इलाज नाही : डोळ्यांवर आभासी दर्शनाचा चष्मा चढवून जे खेळतात त्यांस मांडीवरचा कागद दिसतच नाही. छापील नकाशा पडद्यासमोर उघड्या डोळ्यांनी बसणाऱ्यांसाठीच उरला आहे.

नावांचा प्रश्न नॉर्मंडीत सोपा, पूर्व आघाडीवर कठीण. स्टालिनग्राडच्या मोहिमेसाठी नकाशा करणाऱ्यापुढे रशियन लिपीतील सोव्हिएत नकाशा असतो, आणि तोच जर्मनांनी हस्तगत करून स्वतःच्या जाळीसह पुन्हा छापलेलाही असतो. जर्मन वैमानिक होऊन खेळणाऱ्याने गावाचे नाव कोणत्या लिपीत वाचावे? आणि त्या शहरास तर 1925 पूर्वी त्सारित्सिन म्हणत, 1961 नंतर व्होल्गोग्राड. ह्या मासिकाच्या वाचकांस ह्यातली व्यथा समजावून सांगावयास नको. कुठ्ठाळीचे 'कोर्तालिम' आणि कुंकळ्ळीचे 'कुंकोलिम' झालेले आपण पाट्यांवर वाचीतच आलो आहोत, आणि एक कोंकणी भाषा किती लिप्यांत लिहिली जाते हेही आपण जाणतो. सोळाव्या शतकात मंगेशाचे मूळ देऊळ गेले, देव प्रियोळास आला. तरी महाजनांच्या तोंडून कुशस्थळी हे नाव गेले नाही. नकाशावर पोकळ अक्षरांत राहिलेले गाव पाहताना आम्हांस ते आठवले, आणि त्या अनोळखी कर्त्याविषयी आदर वाटला. त्याला ते नाव गाळता आले असते. खेळात त्याचा काही उपयोग नव्हता.

एका ठिकाणी मात्र तिसऱ्या नकाशाशीही आमचे भांडण आहे. काँ हे नॉर्मंडीतील मोठे शहर. 6 जून 1944 पासून त्यावर बाँबवर्षाव झाला, 7 जुलैच्या रात्री पुन्हा मोठा हल्ला झाला. त्या दिवसांत हजारो नागरिकांनी सेंत एतिएन ह्या प्राचीन चर्चमध्ये व त्यालगतच्या मठात आश्रय घेतला होता. विल्यम दि काँकरर ह्या राजाने उभारलेली ती वास्तू, त्याची समाधीही तेथेच. आत माणसे आहेत हे वरून कळावे म्हणून लाल क्रूसाच्या खुणा मांडल्या गेल्या, दोस्तांच्या सैन्यापर्यंत निरोप गेला, आणि सभोवतीचे शहर कोसळत असता ती वास्तू व तिच्यातील माणसे वाचली. वैमानिकाच्या दृष्टीने चर्चचे शिखर म्हणजे वाट दाखविणारी खूण. इंग्रजी एक इंची नकाशात तर मनोऱ्याच्या चर्चला एक चिन्ह व शिखराच्या चर्चला दुसरे, इतकी तिची दखल घेतलेली असते. तेच शिखर खाली बसलेल्यांस छप्पर होते. हवाई नकाशाच्या प्रमाणात काँ म्हणजे एक करडा ठिपका. त्यात चर्च नाही, मठ नाही, कोणी नाही.

कर्त्याने तो ठिपका तसाच ठेवला, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. वैमानिकास जेवढे ठाऊक होते तेवढेच नकाशात असावे. जास्त दाखविणे हाही एक खोटेपणाच ठरेल, आणि त्याने वैमानिकाचे अज्ञान झाकले जाईल. आमची तक्रार समासाविषयी आहे. ज्याने धावपट्टीची तारीख लिहिली, दिक्पात लिहिला, गाळलेल्या गावांचा हिशेब दिला, त्याने ह्या ठिपक्याखाली काय होते त्याची एक ओळ लिहावयास हवी होती. घराघरात बसून तरुण मुले त्या ठिपक्यावर रात्री उड्डाणे करतात; खेळात बाँब पडतो, आकडा वाढतो, आणि विमान पडले तर वैमानिक दुसऱ्या क्षणी धावपट्टीवर पुन्हा उभा राहतो. त्यांनी खेळू नये असे आम्ही म्हणत नाही. आमच्या आप्ताला आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, समासात जागा नाही हो. आम्ही कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.